टॉवेलची उलटी बाजू

दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर आली, साडेसहा हजार नग.
लाल जमिनीवर निळे तारे, मधोमध एक चेंडू,
पण गोल नाही.
दुडम मास्तर म्हणाले, पपई हाय बे.
रामक्का गज्जम काजं सोडून उठून आली:
हात पुसायच्या टॉवेलावर पपई कोण काढतंय?
नारळ असंल, सोललेला.
मी जॅकार्डची कार्डं ओवत होतो,
शिवणीची रेघ बघून म्हणालो, चेंडूच आहे, अमेरिकेतला.
"मग टप्पा कसा पडतो?"
"कुठंही पडतो."
"हं," रामक्का म्हणाली, "आपल्या पगारावानी."

मालकाचा पुतण्या तिकडं शिकून आलेला. त्यानं सांगितलं:
हंगामभर एकमेकांची हाडं मोडणारे,
त्यातले निवडक उचलतात,
दोन रंगांत वाटतात, एका दिवसापुरते.
त्या दिवशी कुणी कुणाला जोरात पाडत नाही.
हरणाऱ्यालाही पाकीट मिळतं.
मास्तरांनी कान पुढं केला. तीस वर्षं मागाशेजारी काढलेला कान,
त्याला अर्धंच पोचतं.
"मग भांडण कशाचं?"
"भांडण नाही, काका. मान."
रामक्काला एकदम कळलं.
"लग्नात सुपारी सोडवतात, तसंच की.
नवरा मूठ घट्ट धरल्यासारखं करतो
आणि सोडतो."

एक कार्ड चुकलं
तर ताऱ्याचा एक पाय जातो.
तसे अकरा टॉवेल निघाले, सेकंड.
ते बोटीत चढले नाहीत.

गड्डा उठला, पाळणेवाले सामान बांधून गेले,
आणि मग ती रात्र. अक्कलकोट रोड, शेडमध्ये रात्रपाळी.
दीड वाजता सुताच्या कोनाला टेकवून ठेवला मोबाईल.
आवाज लावला नाही, लावून काय ऐकू येणार होतं?
बारा माग, त्यांचं एकच बोलणं.
एवढुशा काचेवर हिरवं मैदान,
डोंगराएवढी माणसं हसत हसत धावतायत,
एकमेकांच्या कमरेचं फडकं ओढतायत, बस्स.
कोण कुठल्या बाजूचा, आम्हाला कळेना.
आम्ही माणसं बघतच नव्हतो.
आम्ही खांदे बघत होतो.

"तो बघ!"
एका काळ्या, उंच माणसानं तोंड पुसलं
आणि टॉवेल मानेवर टाकला.
तीन सेकंद. फार तर चार.
उलटा टाकला होता.
निळ्या जमिनीवर लाल तारे.
विणताना आपोआप होतं ते: इकडं जो रंग वर येतो
तो तिकडं खाली बसतो,
लूप एकच, ताणा एकच,
आपण नुसती कूस बदलायची.

मास्तर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, आपल्यातनं निवडायचं म्हटलं तर?
नारायण मेर्गू घ्या, दिवे गेले तरी
तुटलेलं टोक जिभेनं शोधायचा.
तो आता रिक्षा चालवतो, कन्ना चौकात.
इरम्मा घ्या. ती बिड्या वळते.
व्यंकटी फिटर घ्या...
"तो गेला की, मास्तर."
"माहितीय. घ्या."
बोटं संपली, नावं संपेनात.
बोलावलं तर यायला
जुन्या गिरणीचा भोंगा राहिलाय कुठं?

"आणि मी?" रामक्का.
"तू पंच."
ती खूश झाली. मग डबा उघडून भाकरी मोडली,
हात पुसले त्या अकरांतल्या एकाला.
चार पायांचा तारा, पिठाचे डाग.
कुठली बाजू सुलटी, तिनं बघितलं नाही.

काचेवर कुणीतरी कुणाला उचलून धरलं होतं,
फटाके उडत होते, मुके.
कोण जिंकलं ते विचारायला मी वाकलो
आणि नऊ नंबरचा माग
धागा तुटून थांबला.